घंटेनंतरची फेरी

लिंडेकेर्के गावच्या जत्रेतल्या सायकल शर्यतीत मार्निक्स देबानेने बावीस वर्षं भाग घेतला आणि बावीसही वर्षं शेवटच्या फेरीची घंटा स्वतःच्याच गराजमध्ये, पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून ऐकली. घंटा चर्चसमोर वाजते. पुढचे स्वार दहाव्या फेरीला निघाले की फिरमिन ती अशी बडवतो की शेतातल्या गाईसुद्धा माना वर करतात. पण ती वाजेपर्यंत शर्यतीत टिकायला तर हवं. घोळक्यापासून जो फार मागे पडला, त्याला हाच फिरमिन लाल निशाण दाखवून बाहेर काढतो. त्यालाही बोल लावता येत नाही, एवढ्याशा गावाचे रस्ते किती वेळ अडवून ठेवणार? मार्निक्सचं निशाण सातव्या नाहीतर आठव्या फेरीला ठरलेलं असायचं.

"झालं रे, मार्निक्स," फिरमिन दर वर्षी म्हणायचा. "जा, घरी जाऊन पाय धू. सायकलला पण जरा विश्रांती दे, तिचा काय गुन्हा?"

फिरमिन गावचा खाटीक. साठी जवळ आली तसं दुकान मुलीच्या हवाली केलं, पण जीभ मात्र परजलेली होती तशीच स्वतःकडे ठेवली. शर्यतीच्या समितीचा तोच अध्यक्ष, तोच घंटा वाजवणारा, तोच निशाणवाला. मार्निक्स आणि तो शाळेत एका बाकावर होते, त्यामुळे या बोलण्याचं मार्निक्सला कधी वाईट वाटलं नाही. निदान वाटल्याचं त्याने दाखवलं नाही.

मार्निक्स अठ्ठावन्न वर्षांचा. गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात माल उचलायची गाडी चालवायचा, पहाटेची पाळी. अंगाला कायम लीकचा, म्हणजे जाड कांदापातीसारख्या भाजीचा, वास. शर्यत जिंकायचं स्वप्न त्याने पस्तिशीतच गुंडाळून ठेवलं होतं. त्याला फक्त एकदा, एकदाच, सायकलच्या सीटवर बसलेला असताना ती घंटा ऐकायची होती. आणि ते याच वर्षी व्हायला हवं होतं, कारण त्याच्या बायकोचे डोळे जात चालले होते.

नोएला सव्वीस वर्षं गावची पोस्टबाई होती. दोन वर्षांपूर्वी पाकिटांवरचे पत्ते मधूनच पुसल्यासारखे दिसू लागले. घर क्रमांक दिसायचा, रस्त्याचं नाव दिसायचं, मधलं माणूस गायब. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा मधला भाग जातोय, कडा अजून शाबूत आहेत. म्हणजे ती जिथे रोखून बघेल नेमका तिथेच करडा डाग, आणि जिथे बघत नाही तिथलं थोडंफार दिसणार. एखाद्याचा चेहरा बघायचा तर तिला त्याच्या कानाकडे, नाहीतर मागच्या भिंतीकडे तोंड करावं लागायचं. बेकरीत कुजबुज सुरू झाली की नोएला हल्ली बोलताना तोंड फिरवते, पेन्शन मिळाली तशी शिष्ट झाली. खुद्द मार्निक्सला सगळं ठाऊक होतं, तरी ती त्याच्याशी बोलताना खिडकीकडे बघायची तेव्हा तो वळून मागे बघायचा, तिथे कोण आहे म्हणून. पस्तीस वर्षं जिने समोरासमोर बघून त्याला झापलं, ती आता पडद्याला झापत होती.

मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले की पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. शर्यतीचा रस्ता त्यांच्या दारावरून जायचा. बावीस वर्षं ती फाटकाशी उभी राहून त्याला बघत आली होती, आणि बावीसही वर्षं तो शेवटच्या फेरीत तिथून गेलाच नव्हता. तिला दिसतंय तोवर एकदा तिच्यासमोरून घोळक्यात जायचं, घंटेनंतर. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही.

त्याला युक्ती मात्र फेब्रुवारीतच मिळाली होती. सायकल क्लबच्या बैठकीत शहरातून एक तरुण बाई व्याख्यान द्यायला आली. तिचं म्हणणं असं की शर्यत आधी डोळे मिटून मनात धावावी. प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, छातीतली जळजळ, सगळं जसंच्या तसं बघावं, म्हणजे खऱ्या दिवशी शरीराला काही नवखं वाटत नाही. क्लबातले लोक फुकटची बिअर पीत खो खो हसले. फिरमिन म्हणाला, "मी रोज डोळे मिटून चांगला बारीक होतो. उघडले की पोट आहेच." मार्निक्स हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्याने स्वयंपाकघरात खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. नोएला गाजरं सोलत होती. तिला आता सोलताना बघावं लागत नसे.

"झोपायचं तर पलंगावर जा," ती म्हणाली.

"शर्यतीत आहे मी. घड्याळ लाव."

ओट्यावर केक भाजताना वेळ लावायचं घड्याळ होतं. तिने बोटांनी चाचपून ते फिरवलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"झाली एक फेरी."

"किती वेळ लागतो खरा?"

"नऊ मिनिटं."

"आत्ता चार लागली. मोटारीने गेलास?"

मार्निक्स खजील झाला. मनातल्या मनात त्याने आवडती वळणं तेवढी घेतली होती. चर्च, मग वेर्शेवेंचं धान्याचं कोठार, मग कालवा, आणि एकदम घर. कालव्यानंतरचा काँक्रीटच्या फरशांचा दोन किलोमीटर रस्ता, जिथे समुद्रावरून येणारा वारा थेट छातीवर बसतो आणि जिथे तो दर वर्षी मागे पडतो, तो त्याने सरळ गाळला होता.

"माणूस आहेस की राजा? वारा पण खा," नोएला म्हणाली. "परत जा."

तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. तो डोळे मिटून मोठ्याने बोलत जायचा आणि ती कामं करत ऐकायची. वसंत गेला, उन्हाळा लागला, आणि त्याची फेरी बरोबर नऊ मिनिटांची झाली. फरशांच्या सांध्यांवरून चाक टुक टुक करत जाताना खुर्चीत बसल्या बसल्या त्याला घाम फुटायचा. शनिवार-रविवारी तो खरी सायकल काढायचाच. पण त्याची खरी तालीम ही. फिरमिनच्या कानावर गेलंच. तो रस्त्यात गाठून विचारायचा, "काय रे, खुर्चीला हवा भरलीस का?"

एकच अडचण होती. दर वेळी घंटा वाजली की मनातलं चित्र बंद पडायचं. पुढची फेरी त्याने कधी केलीच नव्हती, तर बघणार काय?

जूनमध्ये एकदा नोएलाने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या शर्यतीत मी असते का?"

"असतेस की. फाटकाशी."

"काय करते?"

"बघतेस माझ्याकडे."

"सरळ?"

मार्निक्सने डोळे उघडले. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. म्हणजे ती त्याच्याकडेच बघत होती.

"सरळ," तो म्हणाला.

"मग ती मी नव्हे. ती दोन वर्षांपूर्वीची कुणीतरी आहे," नोएला शांतपणे म्हणाली. "वारा खरा, फरशा खऱ्या, आणि बायको तेवढी खोटी. खरी उभी कर तिथे."

"करतो," तो म्हणाला. पण त्याच्याने झालं नाही. प्रयत्न केला त्याने, एकदा नव्हे, दहादा. मनातल्या नोएलाने तोंड फिरवलं की त्याच्या मनातले पायच गळायचे. ती आपल्याकडे बघत नाही असंच वाटायचं, काही केल्या. मग तो गुपचूप जुनीला परत आणायचा, सरळ बघणारीला, आणि नोएलाने विचारलं की थाप मारायचा. हा लबाडपणा आहे हे त्याला कळत होतं. त्याला तिची आठवण यायची, ती समोर बसलेली असताना.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला. सोमवारी शर्यत. शुक्रवारी दुपारी फिरमिन हातात कागद घेऊन दारात उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावर चक्क ओशाळेपणा होता.

"पाळणेवाल्यांनी यंदा मोठा पाळणा आणलाय. चर्चच्या वळणावर अर्धा रस्ता खाल्ला त्याने," तो म्हणाला. "या बाजूने वेगात येऊन वळता येणार नाही, कुणीतरी मरेल. म्हणून समितीने ठरवलंय की शर्यत उलट दिशेने घ्यायची."

मार्निक्सने त्याच्या हातातला कागद घेतला आणि उलटा धरून बघितला.

"अरे, रस्ता तोच आहे. फक्त तोंड तिकडे," फिरमिन म्हणाला. "तुझी खुर्ची फिरव म्हणजे झालं."

पण तो गेल्यावर मार्निक्स खुर्चीवर बसला, डोळे मिटले, चर्चपासून दुसऱ्या बाजूला निघाला, आणि त्याला काहीच दिसेना. जन्म गेला या गावात, पण शर्यतीचा रस्ता म्हणजे त्या एकाच दिशेने. कालव्याकडून येताना वळण कुठे सुरू होतं? कोठाराच्या आधी काय येतं? सहा महिन्यांची सगळी मेहनत, मुसळ केरात.

"यंदा राहू दे," तो म्हणाला. "मी नाव काढून घेतो."

नोएलाने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "डोळे मीट."

"काही दिसत नाहीये गं."

"तुला कुठे बघायला सांगतेय? मीट आणि ऐक." तिने स्वतःचेही डोळे मिटले. "सव्वीस वर्षं मी सकाळी पिशवी भरून एका बाजूने गेले आणि दुपारी रिकामी करून दुसऱ्या बाजूने आले. तुम्ही शर्यतवाले एकाच बाजूचे. चर्चपासून निघालास. बेकरीपर्यंत उतार आहे, दिसत नाही पण आहे, पिशवी आपोआप पुढे यायची. मग आपलं घर. मग फरशा."

"फरशांवर वारा."

"आता पाठीमागून. तिथे सगळेच पळतील, तुझं काही बिघडत नाही. मग कालवा. पुलावर उंचवटा आहे, पलीकडे उतरताना उजवीकडे वाळू असते, मी दोनदा पडले आहे. आणि मग वेर्शेवेंचा रस्ता. आता नीट ऐक. तिथे वारा डावीकडून येतो. सगळे उजव्या कडेला गटारापाशी एकामागे एक चिकटणार, आणि शेवटचा जो असेल तो तुटणार."

"शेवटचा म्हणजे मी."

"एक्केचाळीस नंबरपासून सत्तावन्नपर्यंत डावीकडे कोठाराची भिंत आहे. उंच. त्या भिंतीशी माझं एकही पत्र कधी उडालं नाही. बाकी सगळ्या रस्त्यावर एका हाताने पिशवीचं झाकण धरायचे, आणि तिथे दोन्ही हात सोडून शिंकायचे. सगळे उजवीकडे गेले की तू एकटा डावीकडे जा. भिंतीला घासून. आणि पुढे सरक."

मार्निक्सने डोळे मिटूनच विचारलं, "आणि भिंत संपल्यावर?"

"संपेपर्यंत तू त्यांच्या मधोमध असशील. मग चर्च. मग घंटा."

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस तिने बोलावं आणि त्याने चालवावं. रविवारी संध्याकाळी त्याची उलट्या बाजूची फेरी साडेनऊ मिनिटांत झाली. बाहेर जत्रेचा बाजा वाजत होता, बटाटे तळणाऱ्याच्या गाडीचा वास खिडकीतून येत होता, आणि टेबलावर केशर घातलेली तांदळाची खीर निवत होती. नोएला ती दर शर्यतीच्या आदल्या दिवशी करायची. ओतताना थोडी टेबलक्लॉथवर सांडली. त्याने ते पुसलं आणि तिला कळू दिलं नाही. तिला कळलं.

सोमवारी परगावचे पाच-सहा स्वार नेहमीप्रमाणे त्यांच्या गराजमध्ये कपडे बदलायला आले. नोएलाने भिंतीशी बादल्या मांडल्या, प्रत्येकीवर एक टॉवेल. मार्निक्सची शेवटची. ती बादली ती नेहमी सातव्या फेरीला भरून ठेवायची, तो येईपर्यंत पाणी कोमट राहावं म्हणून. आज ती रिकामीच होती. मार्निक्सने ते बघितलं आणि बुटांचे बंद पुन्हा एकदा आवळले.

एक्केचाळीस जण निघाले. पहिल्या तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. वेर्शेवेंच्या रस्त्यावर नोएला म्हणाली तसंच झालं, सगळे उजव्या कडेला, एकामागे एक, वारा चुकवायला. मार्निक्स शेवटून तिसरा. चौथ्या फेरीला त्याचा धीर झाला नाही. पाचव्या फेरीला त्याच्या पुढचा माणूस तुटायला लागला, तेव्हा त्याने एक्केचाळीस नंबरच्या घराचं हिरवं दार बघितलं आणि डावीकडे वळला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, घर तिकडे नाही!" आणि मग कोठाराची भिंत आली आणि वारा थांबला. नुसता थांबला. त्याला स्वतःच्या साखळीचा आवाज ऐकू आला. सत्तावन्न नंबरपर्यंत तो नऊ जणांच्या पुढे गेला होता.

सहाव्या फेरीला त्याने तेच केलं. सातव्या फेरीला आणखी दोघं त्याच्या मागे भिंतीशी आले, कारण युक्ती कळायला कुणाला वेळ लागत नाही. आठव्या फेरीला मांड्या पेटल्या. ही आग ओळखीची होती, सहा महिने खुर्चीत बसून तो तिला भेटत आला होता. चर्चपाशी फिरमिन निशाण घेऊन उभा होता. त्याने मार्निक्सला बघितलं आणि निशाण हळूच पाठीमागे धरलं. नवव्या फेरीत पुलावर वाळूत चाक सरकलं, पण ती तिथे असणार हे त्याला ठाऊक होतं. भिंतीशी त्याने दोन खोल श्वास घेतले, आणि घोळक्याच्या शेपटाला चिकटून चर्चकडे आला.

फिरमिनने घंटा वाजवली. बावीस वर्षं ऐकली त्याहून ती कितीतरी मोठी होती. मार्निक्सच्या दातांत वाजली. फिरमिन दुसऱ्या हाताने टोपी हलवत त्याला काहीतरी म्हणत होता, बहुतेक शिवी.

आणि आता पुढे चित्रच नव्हतं. बेकरीचा उतार, नोएलाने सांगितलेला, दिसत नाही पण आहे असा. मग त्यांचं घर. फाटक.

फाटकाशी नोएला उभी होती. तिने निळा स्वेटर घातला होता, दोन्ही हात फाटकाच्या फळीवर होते, आणि तिने तोंड पूर्ण फिरवलं होतं. रस्त्यावरून पस्तीस सायकली खणखणत येत होत्या, शेजारीपाजारी हात हलवून ओरडत होते, आणि ती एकटी पलीकडच्या लीकच्या शेताकडे बघत होती. त्या शेतात बघण्यासारखं काहीही नव्हतं. हिरव्या पातीच्या रांगा, बस.

मार्निक्सला कळलं. सहा महिने जी बाई त्याला मनात उभी करता आली नाही, ती ही. ती त्याला शोधत होती. एवढ्या गर्दीतून, डोळ्याच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यातून, मान दुखेपर्यंत वळवून, ती त्याच्याकडे बघत होती. उभ्या गावात त्या क्षणी तिच्याइतकं रोखून कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. तो तिच्यासमोरून गेला आणि तिचं तोंड त्याच्याबरोबर हळूहळू आणखी पलीकडे फिरत गेलं.

ती फेरी त्याला नंतर नीटशी आठवली नाही. तो बत्तिसावा आला. फिरमिनने त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की तो सायकलसकट पडता पडता वाचला. "आता पुढच्या वर्षी मी निशाण कुणाला दाखवू?" फिरमिन म्हणाला, आणि नाक शिंकरायला बाजूला गेला.

गराजमध्ये परगावचे लोक बादल्यांत पाय सोडून बसले होते. मार्निक्सच्या बादलीतून आता वाफ येत होती. तो स्टुलावर बसला. नोएलाने ओला रुमाल पिळला आणि त्याच्या तोंडावरची धूळ पुसायला लागली, कपाळ, डोळे, मिशी, बोटांनी अंदाज घेत घेत. पुसताना ती भिंतीवर टांगलेल्या शिडीकडे बघत होती. मार्निक्सने वळून मागे बघितलं नाही. तो त्या शिडीकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे नुसता बघत राहिला.

"घंटा ऐकलीस?" त्याने विचारलं.

"सगळ्या गावाने ऐकली."

तो आणखी काही विचारणार होता, पण विचारवेना. दिसलो का, हा प्रश्न त्याच्या जिभेवर येऊन थांबला. नोएलाने रुमाल बादलीत बुडवला, परत पिळला आणि त्याची मान पुसायला घेतली.

"तोंड उघडं होतं तुझं," ती म्हणाली. "आणि डाव्या पायातला मोजा खाली आलेला."

मार्निक्सने वाकून बघितलं. मोजा घोट्यापाशी गोळा झाला होता.